दोन टक्क्यांच्या हिशेबात न बसणारी मदत

“व्हीलचेअर केटली छे?”

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणाऱ्या भाईंनी ओसरीवर पाय ठेवल्या ठेवल्या हे विचारलं. पाण्याचा पेलाही अजून हातात घेतला नव्हता. आम्ही तिघं होतो, उत्तरं तीन निघाली. रोजचं काम सांभाळणाऱ्या आमच्या पगारी वैनींनी रजिस्टर बघून ४१ सांगितलं. खजिनदार म्हणाले, पस्तीसेक असतील. मी चिटणीस, मी म्हटलं, “तशा बऱ्याच आहेत.”

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, एअर बेड अशा वस्तू अनामत घेऊन गरजूंना वापरायला द्यायच्या, काम झालं की परत घ्यायच्या. एका कंपनीनं विचारलं, काय हवं? आम्ही लेटरहेडवर लिहून दिलं : नव्या दहा व्हीलचेअर. त्यांच्या सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचं काम बघणाऱ्या, विभागातल्या बाई म्हणाल्या, “बघू, पण आधी आमचा एक माणूस येऊन जाईल.” खरं सांगायचं तर आम्हाला ते लागलं. तीस वर्षं संस्था चालवतोय आणि आता आमची तपासणी होणार!

ते भाई चार शनिवार आले. पहिल्या शनिवारी त्यांनी फक्त नग मोजले. ४१ पैकी ६ खोलीत होत्या आणि १४ पेशंटकडे, नीट नोंदीसह. ८ जिन्याखाली पडल्या होत्या, त्यातल्या बहुतेकींचं नुसतं पुढचं चाक गेलेलं. उरलेल्या १३ बाहेर होत्या, पण ज्यांच्यासाठी नेल्या ते पेशंट बरे तरी झाले होते किंवा गेले तरी होते. अनामत ५०० रुपये. तेवढ्यासाठी रिक्षा करून खुर्ची परत आणायला कोण येतं? नंतरच्या शनिवारी त्यांनी प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटनं नंबर घातला आणि कारखान्याच्या स्टोअरमध्ये असतं तसं प्रत्येक नगाचं बिन कार्ड केलं : कधी गेली, कोणाकडे, कधी आली, काय मोडलं. दर महिन्याच्या एक तारखेला वैनींनी कोणाकोणाला फोन करायचे ते त्या कार्डांवरून ठरू लागलं. अनामत वाढवली. आठही मोडक्या खुर्च्या दुरुस्त झाल्या, बाहेरच्या तेरांपैकी नऊ परत आल्या. चार गेल्या त्या गेल्याच; एक तर पेशंटबरोबर अंकलेश्वरला पोचली होती.

भाईंनी आम्हाला एक रुपयाही दिला नाही, पण नव्या दहा व्हीलचेअरची गरज उरली नाही. अशा मदतीला प्रो बोनो म्हणतात, आणि ती घेणाऱ्या बाजूला बसून मला जे कळलं ते इथे सांगतो.

शब्द लॅटिन आहे. प्रो बोनो पब्लिको म्हणजे लोकांच्या भल्यासाठी. तो रुळला वकिली पेशात. फी न घेता गरिबाची केस लढणं हा तिथला जुना रिवाज. आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतही, गरीब आणि पिचलेल्या माणसाला मोफत कायदेशीर मदत करणं हे वकिलाचं समाजाप्रति मोठ्यातलं मोठं कर्तव्य आहे अशा अर्थाचं कलम आहे. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये न्यायबंधू नावाची योजना काढली, तीही अशा वकिलांची गाठ गरजू पक्षकाराशी घालून देण्यासाठीच.

वकिलांची ही रीत बाकीच्या पेशांत यायला वेळ लागला. सॅन फ्रान्सिस्कोत २००१ मध्ये टॅपरूट फाउंडेशन सुरू झालं. त्यांची कल्पना साधी होती. संस्थेला पैशाचं अनुदान देतात तसं कामाचं अनुदान द्यायचं. वेबसाइट, वार्षिक अहवाल, मनुष्यबळाची नियमावली अशी ठरीव कामं, ठरीव मुदतीत, निरनिराळ्या कंपन्यांतल्या माणसांची टीम करून द्यायची. आपल्याकडे टाटा समूहानं २०१४ पासून प्रोएंगेज नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात माणूस नोकरी सांभाळून काही महिने एखाद्या संस्थेला आपल्या कौशल्याचं काम करून देतो.

आता श्रमदान आणि प्रो बोनो यांत फरक काय? कंपनीचे वीस जण एकसारखे टीशर्ट घालून रविवारी कमाटी बागेत झाडू मारायला आले, तर ते श्रमदान. त्यात वाईट काहीच नाही. माणसं उन्हात उभी राहतात, फोटो निघतात, पोहे होतात. पण त्या वीसांत एक जण कर सल्लागार असतो, एक खरेदी खात्यातला, एक डेटाबेस सांभाळणारा. झाडू बागेचा माळी त्यांच्यापेक्षा बरा मारतो. मी एकच कसोटी लावतो : हेच काम बाजारातून करून घेतलं असतं तर बिल आलं असतं का, आणि त्या माणसाला त्याची कंपनी पगार नेमका याच कामासाठी देते का? दोन्हीला हो आलं तर ते प्रो बोनो.

कायद्यातले दोन टक्के

इथे लोकांचा घोळ होतो. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. तिन्हींपैकी एक अट लागू झाली तरी पुरे. सरासरी नफा १० कोटी असेल तर २० लाख.

मग कंपनीच्या इंजिनिअरनं आमच्याकडे घालवलेले तास या २० लाखांत धरता येतात का? नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०२१च्या ऑगस्टमध्ये काढलेल्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्ट केलं आहे. कर्मचाऱ्यांना अशा कामात जरूर घ्या, पण त्यांच्या वेळेची रुपयांत किंमत लावून ती सीएसआर खर्च म्हणून दाखवता येणार नाही. कायदा ‘खर्च करा’ म्हणतो आणि तास हा त्या अर्थानं खर्च नव्हे.

पुष्कळ कंपनीवाले हे सांगताना तोंड वाईट करतात. मला मात्र ही तरतूद योग्यच वाटते. तासाला अमुक रुपये असा भाव एकदा लागला असता, तर प्रत्येक कंपनीच्या ताळेबंदात हजारो तास आले असते आणि संस्थांच्या हातात पडला असता चहापाण्याचा खर्च. आज जी कंपनी माणूस पाठवते, तिला निदान कागदोपत्री त्यातून काही मिळत नाही. त्यामुळे पाठवणारे थोडे असले तरी मनापासून पाठवतात.

दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. ५०० कोटी आणि १००० कोटीच्या या अटी मकरपुऱ्यातल्या बहुतेक शेडना लागूच होत नाहीत. पंधरा-वीस माणसांचा वर्कशॉप, रावपुऱ्यातली छापखान्याची जागा, अलकापुरीतलं चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस, यांना सीएसआर माहीत असतं ते वर्तमानपत्रातून. प्रो बोनोला मात्र अशी उंबरठ्याची अट नाही. आमचा स्टोअरचा प्रश्न सोडवायला रिफायनरी लागली नाही, एक मोजणारा माणूस लागला.

जाता जाता ५ टक्क्यांबद्दलही सांगून टाकतो, कारण यावरून संस्था फार सोसतात. नियम म्हणतो, सीएसआर खर्चातला प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. हा खर्च म्हणजे कंपनीचा स्वतःचा, तिच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभाराचा. संस्थेच्या ऑफिसचं भाडं, वैनींचा पगार, विजेचं बिल ५ टक्क्यांत बसवा असं नियम कुठेही म्हणत नाही. पण समोरच्या टेबलावरून असं सांगितलं जातं आणि आमच्यासारखे मान डोलावून येतात. कायदा वाचणारा कोणी बाजूला बसला असता तर ती मान हलली नसती. पाहा, हेसुद्धा प्रो बोनोचंच काम झालं.

फुकट ते पौष्टिक?

आपल्याकडे ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणतात. मीही म्हणत असे, एक ॲप मिळेपर्यंत.

व्हीलचेअरच्या आधीची गोष्ट. शहरातल्याच एका आयटी कंपनीच्या तरुण मुलांनी आम्हाला ॲप करून दिलं. मुलं गोड होती, रात्री जागून काम केलं, उद्‌घाटनाला नारळ फोडला. ॲपवर पेशंटनं घरबसल्या वॉकर बुक करायचा. पण आमच्याकडे येतं कोण? आजोबांचं ऑपरेशन झालेलं, डिस्चार्ज संध्याकाळी, नातू धावत येतो, वॉकर उचलतो, जातो. बुकिंग कोण करणार? चार महिन्यांनी ॲप उघडेना. पासवर्ड ज्या मुलाच्या ईमेलवर होता तो कॅनडाला गेला होता. बडोद्यातून मुलं कॅनडाला जातात हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? ॲप तयार होत होतं त्या दीड महिन्यात वैनींचे निम्मे दिवस त्या मुलांना माहिती पुरवण्यात गेले होते, आणि भीक नको पण कुत्रं आवर अशी आमची गत झाली होती.

चूक मुलांची कमी आणि आमची जास्त. आम्ही त्यांना प्रश्न सांगितलाच नाही, थेट उत्तर मागितलं. “ॲप करून द्या.” डॉक्टरकडे जाऊन आपणच गोळीचं नाव सांगावं, तसं. स्टोअरवाल्या भाईंचं मोठेपण हे, की आम्ही मागितलेल्या दहा खुर्च्यांबद्दल ते काही बोललेच नाहीत. आहेत किती, एवढंच विचारलं.

म्हणून माझ्या मते अशा कामातला सगळ्यात मोलाचा भाग काम सुरू होण्याच्या आधीचा असतो. कंपनीच्या माणसानं एक पूर्ण दिवस संस्थेत नुसतं बसून बघायचं. दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत कोण येतं, काय मागतं, कशावर लिहून ठेवतात. मग एका पानावर चार गोष्टी लिहायच्या : अडचण काय, आपण काय करून देणार, काय करून देणार नाही आणि संपणार कधी. ‘काय करून देणार नाही’ ही ओळ सोडू नका. तिच्यावाचून वेबसाइटचं काम फेसबुक पेजवर, तिथून वार्षिक समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवर आणि शेवटी विश्वस्तांच्या नातवाच्या प्रोजेक्टवर जातं. मी हे होताना पाहिलं आहे.

आता खर्चाकडे या. समजा कंपनीचे सहा जण आठवड्याला तीन तास, असे दहा आठवडे देतात. त्यांचे झाले १८० तास. संस्थेचं एक माणूस त्यांना रजिस्टर दाखवायला, शंका निरसन करायला, कच्चं काम तपासायला आठवड्याला निदान चार तास बसणार, झाले ४०. पगारी माणसं दोनच असलेल्या संस्थेत ४० तास म्हणजे पाच पूर्ण दिवस, आणि त्या पाच दिवसांत वॉकर कोण देणार? दानाच्या पावतीवर हा खर्च कुठेच दिसत नाही. ज्या कंपनीला खरंच हात द्यायचा असेल तिनं तासांबरोबर थोडे पैसेही द्यावेत. तास सीएसआरमध्ये धरता येत नसले, तरी त्या प्रकल्पासाठी संस्थेला दिलेला निधी, तो प्रकल्प कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कामांत बसत असेल आणि संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंदणी असेल तर, धरता येतो. ही नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. अनेक छोट्या संस्था अजून इथेच अडतात.

कंपनीच्या आतलं एक दुखणं सांगतो. मी स्वतः एका इंजिनिअरिंग कंपनीच्या खरेदी खात्यात आयुष्य काढलं, त्यामुळे हे आतून माहीत आहे. वरून फर्मान येतं, “समाजासाठी वेळ द्या.” खाली मॅनेजर म्हणतो, “रविवारी द्या.” मग माणूस स्वतःची सुट्टी देतो आणि अहवालात नाव कंपनीचं येतं. याला म्हणतात आयजीच्या जिवावर बायजी उदार. कंपनीची मदत तेव्हाच कंपनीची, जेव्हा ती कामाचे तास सोडते, म्हणजे शनिवार पगारी असतो आणि त्या दिवशी त्या माणसाचं टेबल दुसरा कोणीतरी सांभाळतो. आमच्या भाईंना तसं मिळालं होतं. म्हणूनच ते चौथ्या शनिवारीही आले. पदरच्या रविवारवर चालणारी कामं बहुधा दुसऱ्या रविवारी थांबतात, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो.

प्रकार म्हणाल तर बरेच आहेत. एका दिवसाचं सल्ला शिबिर, काही आठवड्यांचा टीमचा प्रकल्प, सहा महिने उसना दिलेला माणूस, किंवा संस्थेच्या विश्वस्त मंडळावर येऊन बसणारा एखादा निवृत्त अधिकारी. छोट्या संस्थेनं पहिल्यांदा एका दिवसापासूनच सुरुवात करावी.

आणि विषय? माझा अनुभव असा, की कंपन्यांना वेबसाइट, लोगो, फिल्म द्यायला आवडतं, कारण ते दाखवता येतं. संस्थांना लागतं ते रूक्ष असतं. आमच्या गावातलंच बघा. गुजरात १९६० मध्ये वेगळं झालं, तरी इथल्या ट्रस्टचा कारभार १९५०च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यावरच चालत आला. त्यात विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. जुन्या मराठी संस्थांत हे राहून जातं. माणूस जाऊन आठ-दहा वर्षं होतात, त्यांच्या स्मृतिदिनाला हारही घातला जातो, पण कागदोपत्री ते अजून हयात विश्वस्त असतात. मग बँक खात्यावरची सही बदलायची वेळ आली की सगळं अडतं. एखाद्या वकिलाच्या तीन दुपारी यातून संस्थेला सोडवू शकतात.

तसंच देणग्यांचं. ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरातली, सवलत देणाऱ्या संस्थांनी वर्षभराच्या देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत आयकर खात्याला ऑनलाइन कळवायची, असा नियम २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून आला. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पन्नास-शंभर रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या आणि पॅन नंबर विचारायला लाजणाऱ्या संस्थेला हे जड जातं. कोणा अकाउंटंटनं एक साधी एक्सेल शीट करून दिली आणि ती भरायला शिकवलं, तर एखाद्या चकचकीत फिल्मपेक्षा त्याचं मोल मोठं. पेशंटचे फोन नंबर आणि आजारांच्या नोंदी आम्ही अजून उघड्या वहीत ठेवतो. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, म्हणजे माहिती संगणकावर नेताना ती कोणाला दिसेल हेही कोणीतरी जाणत्यानं सांगायला हवं. बाहेरून येणाऱ्या टीमलाही ती वही घरी नेऊ देऊ नये.

यश कशानं मोजायचं? कंपन्या तास मोजतात, कारण तास मोजायला सोपे. मी म्हणेन, काम संपल्यावर सहा महिन्यांनी एकदा येऊन बघा, की तुम्ही करून दिलेलं अजून वापरात आहे का, आणि ते चालवणाऱ्या माणसाला तुम्हाला फोन करावा लागतो का.

बडोद्याला हे नवं नाही. सयाजीराव महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले, तिथली सार्वजनिक वाचनालयं त्यांनी पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. ते काही प्रो बोनो नव्हतं, महाराज पगार देत होते. पण जाणत्या माणसाकडून काय घ्यावं याचा तो नमुना आहे. बॉर्डन इथे जेमतेम तीन वर्षं होते. तेवढ्यात मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, पुस्तकांच्या वर्गीकरणाची पद्धत ठरली, आणि मुख्य म्हणजे इथल्याच लोकांना ग्रंथपालनाचं शिक्षण देणारा वर्ग सुरू झाला. १९१३ मध्ये बॉर्डन परत गेले, पेट्या फिरत राहिल्या. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयाच्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या फरशा बघायला आजही लोक येतात; मला तिथे गेलो की तो वर्ग आठवतो.

आमचे स्टोअरवाले भाई आता निवृत्त होऊन भरूचला मुलाकडे असतात. सव्वा वर्षापूर्वी बिन कार्डं संपली. पहिला गठ्ठा त्यांनी कारखान्यातूनच आणून दिला होता. वैनींनी त्यांना फोन केला नाही. रावपुऱ्यातल्या प्रेसमधून स्वतःच पाचशे कार्डं छापून आणली, आणि त्यात एक नवा रकाना घातला : ‘परत आणायला कोण येईल?’ छपाईचं बिल आम्ही भरलं.